जलजीवालयातील पाण्याची निर्धोकता

जलजीवालयातील पाण्याची निर्धोकता : मासे व इतर जलचर पाळण्यासाठी काचेच्या टाकीत साठविलेले पाणी त्या प्राण्यांना अपायकारक होऊ न देणे. नदी, तळे वा समुद्र यांच्या मानाने टाकीतील पाणी अत्यल्प असते, त्यात माशांची दाटी असते आणि ते वाहून जात नाही. बहुतेक गोड्या पाण्यातील मासे शरीरातील नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः अमोनियाच्या रूपात क्लोमांवाटे (कल्ल्यांवाटे) पाण्यात सोडतात. उरलेले खाद्य व विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनिया पाण्यात पूर्णपणे विरघळत असल्याने डोळ्यांस दिसत नाही. आरशासारखे स्वच्छ पाणीही त्यामुळे घातक असू शकते. नवी टाकी हौसेने मांडावी, मासे पहिले काही दिवस उत्तम राहावेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकामागून एक मरावेत, हा अनुभव काचेच्या टाक्या प्रचारात आल्यापासून जवळजवळ प्रत्येक पिढीला आला आहे. त्याचे खरे कारण माहीत होण्यास जितका काळ लागला, त्याहून अधिक काळ ते मासे पाळणाऱ्यांपर्यंत पोहोचण्यास लागला.

मासे भांड्यात पाळण्याची प्रथा काचेच्या टाकीहून पुष्कळ जुनी आहे. चीनमध्ये सोनेरी मासे मातीच्या मोठ्या रांजणांत ठेवीत. जांग च्येन-द या लेखकाने १५९६ मध्ये लिहिलेल्या तांबड्या माशांवरील ग्रंथात नदी-तलावाचे वाहते पाणी उत्तम, विहिरीचे स्वच्छ पाणी मध्यम आणि शहरातील कालव्यांचे पाणी वर्ज्य मानले आहे. तसेच तळाशी साचलेला गाळ बांबूच्या नळीने वरचेवर ओढून काढण्यास सांगितले आहे. यामागे रसायनशास्त्र नव्हते. परंतु विषारी द्रव्य विरल करणे आणि कुजणारा पदार्थ काढून टाकणे ही दोन्ही कामे या रीतीने साधत. पुढे यूरोपात शास्त्रशुद्ध म्हणून जी पद्धत रूढ झाली, तीत या दोन्ही गोष्टी अनावश्यक ठरविण्यात आल्या.

समतोलाची कल्पना : जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ मध्ये बंद भांड्यातील, मेणबत्ती जळून बिघडलेली हवा पुदिन्याच्या रोपामुळे पुन्हा सुधारते असे दाखविले. यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये हे कार्य वनस्पतींचे हिरवे भाग केवळ प्रकाशातच करतात, हे सिद्ध केले. या शोधांचा पाण्यातील जीवांशी संबंध जोडला जाण्यास सत्तर वर्षे लागली. मधल्या काळात झान व्हीलप्र-पॉवर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ स्त्रीने १८३२ मध्ये सिसिलीतील मेसीना येथे अर्गोनॉट या शीर्षपाद प्राण्याच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या करविल्या. लंडनमध्ये ॲना थिन यांनी १८४६ मध्ये टॉर्की येथून आणलेली प्रवाळे घरात जिवंत राखली. समुद्राचे पाणी लंडनला वारंवार आणणे शक्य नसल्याने उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ते ओतून हवेशीर करण्याचे काम त्यांच्या घरातील दासी करीत. पुढे थिन यांनी पाण्यात समुद्रशैवलेही ठेवली.

या विषयाला सिद्धांताचे रूप दिले ते रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–६७) या लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संघाकडील रसायनशास्त्रज्ञांनी. १८४९ मध्ये त्यांनी १२ गॅलन (सु. ५४ लि.) पाण्याच्या पात्रात वाळू व माती घालून व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. काही काळाने वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी पाणगोगलगायी सोडल्या; त्यांनी कुजकी पाने व शेवाळ खाल्ले आणि पाणी पुन्हा निवळले. मासा कार्बन डाय-ऑक्साइड देतो व ऑक्सिजन घेतो, वनस्पती प्रकाशात उलट करते, गोगलगाय कुजणारा भाग खाते आणि तिची अंडी माशांच्या उपयोगी पडतात, असे हे वर्तुळ पूर्ण होते, असा निष्कर्ष त्यांनी १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला.

प्रयोग खरा होता आणि यशस्वीही होता. मात्र त्याच्या यशाचे श्रेय चुकीच्या ठिकाणी गेले. ५४ लि. पाण्यात दोनच लहान मासे होते. भरपूर वाढलेली वनस्पती केवळ ऑक्सिजन देत नव्हती, तर अमोनिया हा नायट्रोजनाचा पुरवठा म्हणून सरळ शोषून घेत होती. आणि तळाच्या वाळू-मातीत दुसरेच काही घडत होते. वॉरिंग्टन यांच्या अनुयायांनी वनस्पती उचलली, गोगलगाय उचलली, पण दोन माशांचे प्रमाण उचलले नाही.

१८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले गेले आणि पुढील वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथामुळे ‘ॲक्वेरियम’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. दिवाणखान्यात काचेची टाकी असणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण मानले जाऊ लागले. समतोल साधला की पाणी कधीच बदलावे लागत नाही, असे आश्वासन त्या काळच्या हस्तपुस्तिका देत. मासे मेले तर समतोल साधला गेला नाही, असा दोष पाळणाऱ्याकडे जाई. ज्या सिद्धांताचे अपयश नेहमी प्रयोग करणाऱ्याच्या माथी मारता येते तो दीर्घायुषी होतो, आणि समतोलाची ही कल्पना तब्बल शतकभर टिकली. हौस मात्र इतकी टिकली नाही. १८६० नंतरच्या दशकात बहुतेक घरांतील टाक्या अडगळीत गेल्या.

सार्वजनिक जलजीवालयांत वेगळा अनुभव येत होता. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी हँबर्ग येथे १८६४ मध्ये आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ मध्ये उभारलेल्या योजनांत दर्शनी टाक्यांच्या खाली त्यांहून कितीतरी मोठा, अंधारा हौद असे आणि पंपाने पाणी अहोरात्र फिरते ठेवले जाई. अंधारात वनस्पती वाढत नाहीत. तरीही पाणी वर्षानुवर्षे निरोगी राही. लॉइड यांच्या मते हा फिरत्या पाण्याला मिळणाऱ्या हवेचा परिणाम होता. यातील अर्धा भाग बरोबर होता. पाणी जितके जुने तितके चांगले, हा त्यांचा अनुभव पुढे अनेकांनी प्रमाण मानला. पण जुनेपणामुळे नेमके काय साधते, हे त्या वेळी कोणासच सांगता आले नाही.

मृदाविज्ञानातील उत्तर : या प्रश्नाचे उत्तर सांडपाण्याचा व शेतजमिनीचा अभ्यास करणाऱ्यांनी दिले. पॅरिस शहराचे सांडपाणी जमिनीत मुरविल्यावर शुद्ध का होते, याचा शोध घेताना थेओफील श्लेझिंग व आशील म्यूंट्झ यांनी १८७७ मध्ये वाळू व चुनखडी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी अगदी सावकाश झिरपू दिले. पहिले सुमारे २० दिवस काहीच फरक पडला नाही. नळीतून बाहेर येणाऱ्या पाण्यात अमोनिया तसाच होता. नंतर तो घटत जाऊन त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. वाळूवर क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली आणि बागेतील मातीचे पाणी नळीत घातल्यावर काही काळाने पुन्हा सुरू झाली. क्रिया केवळ रासायनिक असती, तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती व क्लोरोफॉर्मने थांबली नसती. म्हणून ती सजीवांकडून होते, हे उघड झाले. या क्रियेस नायट्रीकरण म्हणतात [→ नायट्रोजन चक्र]. नव्या टाकीतील मासे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात का मरतात, याचे संपूर्ण स्पष्टीकरण या २० दिवसांत होते. ते तसे वाचणारा कोणी नव्हता.

हा प्रयोग इंग्लंडमध्ये रोथॅम्स्टेड येथील कृषि-संशोधन केंद्रात पडताळून पुढे नेणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८–१९०७) असे होते. समतोल टाकीचे जनक असलेल्या वॉरिंग्टन यांचा हा पुत्र होय. वडिलांनी दोन सोनेरी मासे पात्रात सोडले तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. धाकट्या वॉरिंग्टन यांनी १८७८ पासून अनेक वर्षे काम करून ही क्रिया दोन टप्प्यांत होते व दोन वेगळे जीव ती करतात, असे दाखविले. एक जीव अमोनियाचे नायट्राइट करतो व दुसरा नायट्राइटाचे नायट्रेट. पित्याच्या टाकीत जे घडत होते त्याचा उलगडा पुत्राच्या हाती आला. पण तो शेतकऱ्यांच्या खतासाठी वापरला गेला, माशांसाठी नव्हे. विज्ञानाच्या इतिहासात शाखाशाखांमधील भिंती किती जाड असतात, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

सूक्ष्मजंतू वेगळे काढण्यात धाकट्या वॉरिंग्टन यांना पूर्ण यश आले नाही. नेहमीच्या पोषक जेलीवर ते वाढत नव्हते. झुरिक येथे सर्ग्येई व्हिनोग्रॅडस्की यांनी १८९० मध्ये सेंद्रिय पदार्थ टाळून हे काम केले. हे जीव अन्न म्हणून सेंद्रिय द्रव्य न वापरता अमोनिया वा नायट्राइट यांच्या ऑक्सिडीभवनातून ऊर्जा मिळवितात, असे त्यांना आढळले. या जीवनपद्धतीमुळेच ते अतिशय मंद गतीने वाढतात. अन्यत्र पर्सी व ग्रेस फ्रँकलंड या दांपत्यानेही त्याच वर्षी अमोनियाचे ऑक्सिडीभवन करणारा जंतू मिळविला. अमेरिकेत मॅसॅचूसेट्समधील लॉरेन्स येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या प्रयोगकेंद्रात खडीच्या थरांतून सांडपाणी झिरपवून हीच क्रिया नगरपालिकांच्या उपयोगाची करण्यात आली. थोडक्यात, एकोणिसावे शतक संपताना, खडीवरील चिकट थर हाच पाणी शुद्ध करणारा कारागीर आहे हे सांडपाण्याच्या अभियंत्यांना पक्के ठाऊक होते. त्याच वेळी घरोघरी, आणि नंतरही पन्नास वर्षे, टाकीतील वाळू ‘घाण’ म्हणून उकळत्या पाण्याने धुतली जात होती.

गाळणीचा नवा अर्थ : विजेवर चालणारे हवेचे पंप आल्यावर ऑक्सिजनाचा प्रश्न सुटला, मृत्यू थांबले नाहीत. न्यूयॉर्क जलजीवालयातील जेम्स ॲट्झ यांनी १९४९ मध्ये समतोल टाकी ही एक दंतकथा आहे, असे स्पष्टपणे लिहिले. टाकीतील बहुतांश ऑक्सिजन पाण्याच्या पृष्ठभागातून येतो, रात्री वनस्पती स्वतःच ऑक्सिजन वापरतात आणि माशांच्या सोयीचा समतोल आपोआप होत नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते. अमोनियाचा प्रश्न खऱ्या अर्थाने हाती घेतला तो जपानी मत्स्यशास्त्रज्ञांनी. साएकी यांनी १९५८ मध्ये बंद चक्रातील पाण्याच्या गाळणीवर काम प्रसिद्ध केले. कावाई व सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात गाळणीच्या वाळूवरील सूक्ष्मजंतूंची गणना केली. ते पाण्यात फारसे नसून वाळूच्या पृष्ठभागावर असतात, हे त्यातून दिसले. ‘जुने पाणी’ गुणकारी का वाटते याचा उलगडा येथे होतो; गुण पाण्याचा नव्हता, त्याच्या भोवतीच्या दगड-वाळूचा होता. हे सर्व ज्ञान एकत्र करून अमेरिकेतील स्टीफन स्पॉट यांनी १९७० मध्ये बंद योजनांतील जलव्यवस्थापनावर ग्रंथ लिहिला. तेव्हापासून गाळणीचा अर्थ गाळ अडविणारे साधन असा न राहता सूक्ष्मजंतूंचे वसतिस्थान असा झाला.

यानंतरचा इतिहास अधिक चमत्कारिक आहे. टाकीत व्हिनोग्रॅडस्की यांचे नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर हेच जंतू काम करतात असे सर्व पुस्तकांत छापले गेले होते. अमेरिकेतील होव्हानेक व सहकाऱ्यांनी १९९६ व १९९८ मध्ये डीएनएच्या साहाय्याने तपास केला, तेव्हा गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्रोबॅक्टर आढळला नाही; नायट्राइटाचे काम नायट्रोस्पायरा वंशातील जंतू करीत होते. २००५ मध्ये सिॲटल येथील जलजीवालयाच्या सागरी टाकीतून, अमोनियाचे ऑक्सिडीभवन करणारा आर्किया गटातील पहिला जीव वेगळा काढण्यात आला. तोपर्यंत हे काम फक्त जीवाणूच करतात अशी समजूत होती. गोड्या पाण्याच्या बऱ्याच गाळण्यांतही अमोनियाचे काम करणाऱ्यांत आर्कियांचेच प्राबल्य असते, असे २०११ मध्ये कॅनडातील संशोधकांनी दाखविले. शेवटी २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला, आणि त्याच्या दोन उगमांपैकी एक होता नेदर्लंड्समधील मत्स्यसंवर्धनाच्या बंद चक्राची गाळणी. धाकट्या वॉरिंग्टन यांचा दोन जीवांचा नियम अशा रीतीने माशांच्याच पाण्याने मर्यादित केला.

विषारीपणाचे स्वरूप : पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन हे रूप तुलनेने निरुपद्रवी असते, तर मुक्त अमोनिया क्लोमांतून सहज आत शिरतो व घातक ठरतो. २५° से. तापमानाला पीएच मूल्य ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास मुक्त असतो, पीएच ८ ला सु. ५ टक्के आणि पीएच ९ ला एक तृतीयांशाहून अधिक. म्हणजे तेवढ्याच अमोनियाने एका घरातील मासे जगतात व दुसऱ्या घरातील मरतात. नायट्राइट हे मधले द्रव्य रक्तातील हीमोग्लोबिनाचे ऑक्सिजन न वाहणाऱ्या मेथेमोग्लोबिनात रूपांतर करते. रक्त तपकिरी होते आणि पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. पाण्यात क्लोराइड असल्यास नायट्राइट क्लोमांतून कमी शोषले जाते. म्हणून अडचणीच्या वेळी थोडे साधे मीठ घालण्याच्या जुन्या रीतीला आधार आहे. नायट्रेट बरेच सौम्य असून ते पाणी बदलल्याने वा वनस्पतींमुळे कमी होते.

महाराष्ट्रात पाण्याच्या या फरकाला विशेष महत्त्व आहे. मुंबईस पुरविले जाणारे तलावांचे पाणी पावसाचे व मृदू असते, तर दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरी व कूपनलिका यांचे पाणी बहुधा कठीण व अल्कधर्मी असते. दुसऱ्या प्रकारात अमोनिया अधिक घातक ठरतो. पहिल्यात वेगळाच धोका असतो : नायट्रीकरणात अम्ल तयार होते, ते शमविण्यास पाण्यात पुरेसे बायकार्बोनेट नसल्यास पीएच घसरतो आणि सूक्ष्मजंतूंचे कार्य मंदावते. उन्हाळ्यात ऑक्सिजनाचीही चणचण भासते, २०° से.ला १ लि. पाण्यात सु. ९ मिग्रॅ. ऑक्सिजन मावतो, तर ३०° से.ला सु. ७·५ मिग्रॅ. नायट्रीकरण करणारे जीव स्वतःही पुष्कळ ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे वीज कित्येक तास गेली की आधी गाळणीतील जीव संकटात येतात व मासे नंतर.

भारतात मद्रास येथे १९०९ मध्ये आणि मुंबईस १९५१ मध्ये सार्वजनिक जलजीवालये उघडली गेली. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. ही दोन्ही समुद्रकाठी होती. शहरातील दोन खोल्यांच्या घरात टाकी ठेवणाऱ्यास पाण्याचा असा शेजार नसतो. त्याच्या हाती असतो तो नळ. नळाचे पाणी माणसांसाठी निर्जंतुक करताना क्लोरीन वापरतात. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी येथे मोठ्या प्रमाणावर सुरू झालेली ही रीत मानवाला वरदान ठरली, पण तोच क्लोरीन क्लोमांची नाजूक त्वचा जाळतो व गाळणीतील जीवही मारतो. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०·२ मिग्रॅ. मुक्त क्लोरीन असावा लागतो. पसरट भांड्यात एक-दोन दिवस ठेवल्याने किंवा सोडियम थायोसल्फेटाच्या खड्याने तो जातो. पुरवठ्यात क्लोरामाइन वापरले असल्यास मात्र पाणी नुसते ठेवून भागत नाही. थायोसल्फेटाने त्यातील क्लोरीन जातो, पण अमोनिया मागे राहतो.

नव्या टाकीची मांडणी : वरील इतिहासातून निघणारी रीत साधी आहे आणि तिचे मुख्य साधन वेळ हे होय. वाळू, गाळणी व क्लोरीनविरहित पाणी घालून टाकी चालू करावी. जुन्या, निरोगी टाकीतील मूठभर खडी किंवा गाळणीतील स्पंज न धुता घातल्यास सूक्ष्मजीवांचे विरजण मिळते; श्लेझिंग व म्यूंट्झ यांच्या नळीतील बागेच्या मातीचे जे काम, तेच याचे. मासे न सोडता अमोनियाचे अगदी थोडे द्रावण घालून हे जीव वाढविण्याची पद्धत अलीकडे अधिक पसंत केली जाते, कारण तीत कोणा माशाचा बळी जात नाही. तसे करणे शक्य नसल्यास दोन-तीन काटक मासेच सोडावेत व त्यांना अगदी कमी खाद्य द्यावे. प्रथम अमोनिया वाढतो, तो उतरू लागला की नायट्राइट वाढते, आणि दोन्ही शून्यावर येण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. बाजारात मिळणाऱ्या परीक्षण-द्रवांनी हे दिवसागणिक पाहता येते. अमोनिया वा नायट्राइट दिसल्यास पाव ते निम्मे पाणी लगेच बदलावे. त्यानंतरच बाकीचे मासे, तेही थोडे थोडे करून आणावेत, कारण सूक्ष्मजीवांची संख्या मिळणाऱ्या अमोनियाच्या प्रमाणातच असते व भार एकदम दुप्पट झाल्यास ती तितक्या वेगाने वाढत नाही. टाकी स्थिरावल्यावरही दर आठवड्यास सु. एक पंचमांश पाणी बदलून तळाचा गाळ नळीने ओढून काढावा. गाळणीचा स्पंज नळाखाली न धरता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळावा. अरुंद तोंडाच्या काचेच्या गोल भांड्यात पृष्ठभाग लहान असतो व गाळणीस जागा नसते. दुकानांत सोनेरी मासे अशाच भांड्यांत ठेवून विकले जात असले, तरी त्यांत ते फार दिवस जगत नाहीत.